बोलका पडदा आणि बदलतें यंत्र

एखाद्या जुन्या वाड्यांत जन्म काढलेला अंध मनुष्य त्या वाड्यांत किती सहज वावरतो, हें ज्यांनीं पाहिलें आहे त्यांना त्यामागचें रहस्य ठाऊक असतें. ओटीपासून माजघर किती पावलांवर आहे, उंबरठा केवढा उंच आहे, जिन्याच्या पायऱ्या किती आहेत, हें सारें त्याच्या पायांना पाठ असतें. आतां अशी कल्पना करावी कीं, एका रात्रीं तो झोपलेला असतांना गवंडी आले. घर अधिक बळकट व्हावें म्हणून त्यांनीं दोन दारें बुजविलीं, एक नवें काढलें आणि जिना दुसऱ्या बाजूस नेला. सकाळीं घरांतील डोळस माणसें उठलीं. त्यांनीं घटकाभर इकडे तिकडे पाहिलें, आणि 'घर छान झालें' असें म्हणून तीं आपापल्या कामाला लागलीं. अंध मनुष्य मात्र जेथें काल दार होतें तेथें जाऊन भिंतीवर आदळला. गवंड्यांचा हेतु वाईट नव्हता. त्यांचें कामही कच्चें नव्हतें. परंतु त्या घरांत कोण कोण राहतें, याची विचारपूस त्यांनीं केली नव्हती.

संगणकावर काम करणाऱ्या अंध स्त्रीपुरुषांच्या आयुष्यांत असा प्रसंग वरचेवर येत असतो. संगणकाचा सर्व कारभार पाहणारी जी मूळ व्यवस्था, जिला ऑपरेटिंग सिस्टिम असें म्हणतात, तिचे कर्ते तिला वेळोवेळीं नवें रूप देतात. त्या नव्या रूपालाच लोक अपडेट म्हणतात. डोळस माणसाच्या दृष्टीनें अपडेट म्हणजे थोडी उत्सुकता, थोडा कंटाळा आणि दहा-पंधरा मिनिटांचा खोळंबा. अंध माणसाच्या दृष्टीनें तो कित्येकदां नोकरीचा, परीक्षेचा किंवा पोटापाण्याचा प्रश्न होऊन बसतो. असें कां व्हावें, आणि तें टाळण्यासाठीं कोणीं काय करावें, हें समजून घेणें डोळस कुटुंबांनाही उपयोगाचें आहे. कारण दृष्टि ही कोणाच्याच घरीं कायमची वतनदार नाहीं.

प्रथम अंध मनुष्य संगणक वापरतो कसा, हें पाहिलें पाहिजे. पूर्वीं ज्यांना लिहितां-वाचतां येत नसे, त्यांचीं पत्रें शेजारचा एखादा शाळकरी मुलगा वाचून दाखवीत असे. संगणकामध्यें त्या मुलाचें काम करणारी एक आज्ञावली असते. तिला इंग्रजींत स्क्रीन रीडर म्हणतात. आपण तिला पडदा-वाचक म्हणूं. पडद्यावर जें जें उमटतें तें तें हा वाचक उच्चारून सांगतो, किंवा ब्रेल-पट्टीवरील बारीक टांचण्या वरखालीं करून बोटांना जाणवून देतो. वापरणारा माउसला सहसा हात लावीत नाहीं. कळफलकावरील कळा दाबून तो एका गोष्टीवरून दुसरीवर जातो, आणि वाचक त्याला सांगत राहतो : 'नांव, लिहिण्याची जागा, रिकामी', 'मान्य आहे, चौकट, खूण केलेली नाहीं', 'पाठवा, बटण'. सरावलेले लोक हा आवाज इतक्या वेगानें ऐकतात कीं, शेजारीं बसलेल्याला त्यांतील एक शब्दही उमगूं नये. विंडोजवर जॉज, एनव्हीडीए आणि नॅरेटर, ॲपलच्या यंत्रांवर व्हॉइसओव्हर, अँड्रॉइडच्या फोनवर टॉकबॅक आणि लिनक्सवर ओर्का, हीं या वाचकांपैकीं प्रमुख नांवें होत.

हा वाचक पडद्याकडे डोळ्यांनीं पाहत नाहीं. त्याला मजकूर कोठून तरी मिळवावा लागतो, आणि सर्व अडचणींचें मूळ या 'कोठून तरी' मध्यें आहे. डॉस नांवाच्या जुन्या व्यवस्थेच्या काळीं हें काम सोपें होतें. पडद्यावर ८० अक्षरांच्या २५ ओळी असत; म्हणजे एका वेळीं फार तर २००० अक्षरें. हीं अक्षरें संगणकाच्या स्मृतींत एका ठराविक जागीं ओळीनें मांडून ठेविलेलीं असत. वाचकानें त्या जागीं जावें, अक्षर उचलावें आणि बोलणाऱ्या यंत्राच्या हातीं द्यावें, इतका तो सरळ व्यवहार होता. जॉज या वाचकाचा जन्म याच काळांत झाला. त्याचे कर्ते टेड हेंटर हे मूळचे मोटारसायकलच्या शर्यतींत भाग घेणारे गृहस्थ. १९७८ सालीं मोटारीच्या अपघातांत त्यांची दृष्टि गेली. पुढें संगणकाची विद्या शिकून त्यांनीं १९८७ सालीं बिल जॉइस यांच्या साहाय्यानें एक संस्था काढली, आणि १९८९ सालीं जॉज बाहेर आला. अक्षरांच्या त्या साध्या पडद्यामुळें अनेक अंध माणसांना कचेऱ्यांतून डोळस सहकाऱ्यांच्या बरोबरीनें काम करतां येऊं लागलें.

त्यानंतर खिडक्या, चित्रें आणि बाण यांचें युग आलें. आतां पडद्यावर अक्षरें नव्हतींच. होते ते केवळ रंगीत ठिपके. 'क' हें अक्षर आणि फुलाचें चित्र यांत यंत्राच्या दृष्टीनें फरक उरला नाहीं. पडदा-वाचक लिहिणाऱ्यांनीं यावर एक युक्ति काढली. ठिपके उमटण्यापूर्वीं संगणकाचा एक भाग दुसऱ्याला 'येथें अमुक शब्द काढ' अशी आज्ञा देतो. ती आज्ञा वाटेंतच ऐकावयाची, आणि ऐकलेल्या आज्ञांवरून पडद्यावर काय असेल याचा एक खासगी नकाशा मनाशीं तयार करावयाचा. ही युक्ति अत्यंत हुशारीची होती. परंतु ती भिंतीला कान लावून ऐकण्यासारखी होती. भिंतीची जाडी बदलली कीं कान निरुपयोगी!

१९९५ सालीं विंडोज ९५ ही व्यवस्था निघाली, तेव्हां याचा अनुभव मोठ्या प्रमाणावर आला. तिच्यासाठीं पुरेसे पडदा-वाचक तयार नसतांना कचेऱ्या मात्र तिच्याकडे वळूं लागल्या. डॉसवर उत्तम काम करणाऱ्या अंध कर्मचाऱ्यांना आपली नोकरी जाते कीं काय, अशी भीति वाटूं लागली. अमेरिकेंतील मॅसॅच्युसेट्स राज्यांत अंधांच्या वतीनें ही गोष्ट नेटानें मांडण्यांत आली, आणि आमच्या अंध कर्मचाऱ्यांना वापरतां येत नसेल तर ही नवी व्यवस्था आम्हीं विकत घेणार नाहीं, अशी भूमिका तेथील शासनाकडून पुढें आली. मोठ्या गिऱ्हाइकाच्या अशा बोलण्याचा परिणाम झाल्यावांचून राहत नाहीं. मायक्रोसॉफ्टनें या कामाकडे अधिक लक्ष दिलें, आणि १९९७ सालीं ॲक्टिव्ह ॲक्सेसिबिलिटी नांवाची योजना पुढें आणली.

या योजनेचें तत्त्व समजण्यास सोपें आहे. वाचकानें भिंतीला कान लावण्याऐवजीं, पडद्यावरील प्रत्येक वस्तूनेंच आपली ओळख स्वतः सांगावी, असा हा करार आहे. विचारल्यावर प्रत्येक वस्तूनें चार गोष्टी सांगावयाच्या : तिचें नांव काय, ती कोणत्या प्रकारची आहे, तिची स्थिति काय आहे, आणि तिच्यांत कोणतें मूल्य भरलेलें आहे. 'नांव : आवाज, प्रकार : सरकपट्टी, मूल्य : चाळीस टक्के', एवढें कळलें कीं अंध माणसाला ती वस्तु हाताळतां येते. पुढें विंडोजमध्येंच यूआय ऑटोमेशन ही अधिक विस्तृत योजना आली. लिनक्सवर आणि ॲपलच्या यंत्रांवरही याच तत्त्वावरचे निरनिराळे करार आहेत. चोरून ऐकण्याच्या जागीं सरळ संभाषण आलें, ही या क्षेत्रांतील मोठी प्रगति होय.

असा करार असतांनाही दर नव्या आवृत्तीच्या वेळीं घोटाळे कां होतात, असा प्रश्न कोणाच्याही मनांत येईल. त्याचीं मुख्य कारणें चार सांगतां येतील.

पहिलें कारण सुरक्षिततेचें. ज्या वाटेनें अंधांचा वाचक आंत जातो, त्याच वाटेनें चोरही जाऊं शकतो. लिनक्सवरील एक्स नांवाची खिडक्यांची व्यवस्था १९८४ सालीं अमेरिकेंतील एमआयटी या संस्थेंत जन्मली. तिच्यांत कोणत्याही आज्ञावलीला कळफलकावर दाबलेली प्रत्येक कळ ऐकतां येत असे. ओर्काला हें फार सोयीचें होतें. कारण 'पुढची ओळ वाच', 'थांब', 'पुन्हां सांग' या सर्व आज्ञा कळांनींच द्यावयाच्या असतात. परंतु एखाद्या दुष्ट आज्ञावलीला त्याच मार्गानें लोकांचे संकेतशब्दही ऐकतां येत. म्हणून २००८ सालीं सुरू झालेल्या वेलँड नांवाच्या नव्या व्यवस्थेंत ही मोकळीक बंद करण्यांत आली. सुरक्षिततेच्या दृष्टीनें तें योग्यच झालें. परंतु ओर्काचे कानही त्याबरोबर बंद होण्याची वेळ आली. ओर्कासाठीं वेगळा, अधिकृत दरवाजा बांधण्याचें काम पुढें अनेक वर्षें रेंगाळलें. मार्च २०२५ मध्यें निघालेल्या ग्नोमच्या ४८ व्या आवृत्तींत या कामाचा महत्त्वाचा टप्पा पुरा झाला. आणि ऑक्टोबर २०२५ मधील उबुंटूच्या आवृत्तींतून ग्नोमची जुनी एक्सची वाट काढून टाकण्यांत आली. नवें दार उघडणें आणि जुनें बुजविणें यांमध्यें अवघे सात महिने गेले. हा क्रम उलटा झाला असता तर काय झालें असतें, हें सांगावयास नकोच.

विंडोजवरही असाच प्रकार घडला. पडद्यावर जें काढलें जातें त्याची प्रतिकृति मिळविण्यासाठीं कांहीं वाचक एका विशेष प्रकारच्या चालकाचा उपयोग करीत असत. २०१२ सालच्या विंडोज ८ पासून तो प्रकार बंद झाला, आणि वाचकांच्या कर्त्यांना दुसरे मार्ग शोधावे लागले.

दुसरें कारण म्हणजे आंतील रचनेंतील बदल. याचें बोधप्रद उदाहरण संचालन-व्यवस्थेचें नसून फायरफॉक्स या ब्राउझरचें आहे. परंतु तत्त्व तेंच. पूर्वीं फायरफॉक्सचें सर्व काम एकाच खोलींत चाले, आणि पडदा-वाचक त्या खोलींत बसून झरझर वाचीत असे. नोव्हेंबर २०१७ मध्यें ५७ वी आवृत्ति निघाली. तिच्यांत वेग आणि सुरक्षितता वाढावी म्हणून पानें निरनिराळ्या बंद खोल्यांत ठेवण्याची पद्धति पूर्णत्वास नेण्यांत आली. डोळस लोकांनीं वेगाचें कौतुक केलें. पडदा-वाचकाला मात्र प्रत्येक शब्दासाठीं खोलीबाहेरून निरोप पाठवून उत्तराची वाट पाहावी लागूं लागली. एका पानांत असे हजारों प्रश्न विचारावे लागतात. त्यामुळें वाचन इतकें मंदावलें कीं, पडदा-वाचक वापरणाऱ्यांनीं तूर्त जुन्या ५२ व्या दीर्घकालीन आवृत्तीवरच राहावें, असा सल्ला खुद्द मोझिलाकडूनच देण्यांत आला. हा दोष मुळापासून निघण्यास मे २०२३ मधील ११३ वी आवृत्ति उजाडावी लागली. त्या आवृत्तींत सर्व खोल्यांतील मजकुराची एक नोंदवही बाहेरच ठेवण्याची योजना विंडोजवर लागू झाली, आणि प्रत्येक शब्दासाठीं निरोप धाडण्याचें कारण उरलें नाहीं. या दुरुस्तींत ज्यांचा मोठा वाटा होता ते जेम्स तेह हे स्वतः अंध असून एनव्हीडीए या पडदा-वाचकाच्या दोन संस्थापकांपैकीं एक आहेत. दाराबाहेर उभें राहण्याचा अनुभव असलेल्या माणसाच्या हातीं दार बांधण्याचें काम आलें, हा योग मोठा समाधानाचा म्हटला पाहिजे.

तिसरें कारण अगदीं साधें आहे. तें म्हणजे विसर. नव्या आवृत्तींत एखादी खिडकी नव्यानें रंगविली जाते. पूर्वीं 'जतन करा' असें लिहिलेलें बटण असे. त्याच्या जागीं सुबक चित्र येतें. चित्र काढणाऱ्यानें त्याला नांव दिलें नाहीं, तर वाचक बिचारा काय सांगणार? तो म्हणतो : 'बटण'. पुढची कळ दाबली, 'बटण'. आणखी पुढें, 'बटण'. या तीनांपैकीं एक जतन करणारें, एक पाठविणारें आणि एक पुसून टाकणारें असूं शकतें. सगळ्या औषधांच्या बाटल्यांवर केवळ 'औषध' एवढेंच लिहावें, तशी ही गत होते.

चौथें कारण आवाजाचें. अपडेटनंतर ध्वनीची व्यवस्था बिघडली तर डोळस मनुष्य गाणें ऐकूं येत नाहीं म्हणून कुरकुरतो. अंध माणसाचा मात्र सारा पडदाच काळा होतो. शिवाय ही शांतता मोठी फसवी असते. यंत्र बंद पडलें आहे, कीं संकेतशब्दाची वाट पाहत आहे, कीं 'पुन्हां सुरू करूं काय?' असें विचारीत थांबलें आहे, यांपैकीं काय घडलें आहे हें शांततेवरून कळत नाहीं. डोळस माणसाला बिघाड दिसतो, म्हणून तो निदान मागें तरी फिरूं शकतो. अंध माणसाचा बिघाड त्याचें दुरुस्तीचें साधनच हिरावून नेतो. या दोन बिघाडांत केवळ कमीजास्तपणाचा भेद नाहीं. त्यांची जातच वेगळी आहे.

मग कोणी म्हणेल कीं, अंधांनीं अपडेट घेऊंच नये. जुनें आहे तेंच चालवावें. हा उपाय वरवर सोपा दिसला तरी तो टिकणारा नाहीं. जुन्या घराच्या कुलपांच्या किल्ल्या हळूहळू चोरांच्या हातीं पडतात. विंडोज १० या व्यवस्थेचा नेहमींचा आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजीं संपला. पडदा-वाचकांनाही जुन्या घरांची निगा अनंतकाळ राखतां येत नाहीं. विंडोज ७ वर चालणारी एनव्हीडीएची शेवटची मालिका २०२३ सालची होय. शिवाय बँका, रेल्वे आणि शासकीय खातीं यांचीं नवीं पानें जुन्या ब्राउझरवर नीट उघडत नाहींत. तेव्हां बदल टाळणें हा मार्ग नव्हे. बदलांतून दार सुरक्षित पार नेणें हाच मार्ग आहे.

तें कसें नेतात, हेंही पाहण्यासारखें आहे. एनव्हीडीएचाच दाखला घ्यावा. ऑस्ट्रेलियांतील मायकेल करन या अंध तरुणानें २००६ सालीं हा वाचक लिहिण्यास आरंभ केला. डोळस माणसाला पडदा पाहण्यासाठीं वेगळे पैसे पडत नाहींत, मग अंध माणसालाच तो ऐकण्यासाठीं मोठी किंमत कां पडावी, असा त्याचा रास्त प्रश्न होता. बालपणीं अंध मुलांच्या संगीत-शिबिरांत भेटलेले जेम्स तेह त्याला येऊन मिळाले. त्यांचा वाचक विनामूल्य आहे, आणि त्याची मूळ संहिता कोणालाही पाहतां व सुधारतां येते. नवी आवृत्ति लोकांच्या हातीं पडण्यापूर्वीं तिच्या कच्च्या प्रती हौशी परीक्षकांना देतात. त्याचप्रमाणें विंडोजच्याही कच्च्या आवृत्त्या आधीं बाहेर येतात. त्यांवर अंध परीक्षक आपला वाचक चालवून पाहतात, आणि जेथें तो अडखळेल तेथें दोन्हीकडच्या कर्त्यांना कळवितात. हें काम कोठेंही गाजत नाहीं. परंतु लक्षावधि लोकांची सकाळ सुरळीत जाते ती या परीक्षकांच्या आदल्या महिन्यांतील रात्रींमुळें.

कांहीं तपासणी यंत्रालाही करतां येते. प्रत्येक बटणाला नांव आहे कीं नाहीं, हें यंत्र क्षणांत मोजून सांगेल. परंतु 'बटण सत्तावीस' असें नांव दिलें असेल तर यंत्र त्याला उत्तीर्ण करील. तें निरर्थक आहे हें कळण्यास माणूसच लागतो. म्हणून उत्तम व्यवहार असा कीं, यंत्राची तपासणी रोज व्हावी, माणसाची प्रत्येक आवृत्तीपूर्वीं व्हावी, आणि पडदा-वाचक बंद पडत असेल तर ती आवृत्ति बाहेरच पडूं देऊं नये. पडदा संपूर्ण काळा दाखविणारी आवृत्ति कोणताही कर्ता बाजारांत आणणार नाहीं. मग संपूर्ण मुकी आवृत्ति तरी कां आणावी?

येथें पैशाचाही प्रश्न येतो. ओर्का हा वाचक सन मायक्रोसिस्टिम्स या कंपनींत वाढला. २०१० सालीं ती कंपनी ओरॅकलच्या ताब्यांत गेल्यावर तेथील या कामावरचीं माणसें कमी झालीं, आणि पुढें ओर्काचा भार मोजक्याच लोकांच्या खांद्यांवर राहिला. पूल बांधतांना समारंभ होतो. त्याची दरवर्षींची डागडुजी कोणाच्या डोळ्यांत भरत नाहीं. पडदा-वाचकाची निगा ही अशी डागडुजी आहे. तिला एकदांचें अनुदान पुरत नाहीं. तिला नेमणुकीचीं माणसें लागतात.

मराठी भाषकांच्या वाट्याला यांत एक आणखी पदर येतो. एके काळीं मराठी मजकूर संगणकावर छापण्यासाठीं असे फॉन्ट वापरीत कीं, ज्यांत देवनागरी वळणें इंग्रजी अक्षरांच्या जागीं बसविलेलीं असत. डोळ्यांना तें मराठी दिसे; पडदा-वाचकाला मात्र त्यांत इंग्रजी अक्षरांचा अर्थहीन गोंधळ ऐकूं येई. युनिकोड या जागतिक संकेतामुळें प्रत्येक देवनागरी अक्षराला स्वतःची जागा मिळाली, आणि ई-स्पीक एनजी यासारख्या विनामूल्य वाणी-यंत्रांतून मराठीही बोलूं लागली. हा आवाज कांहींसा यांत्रिक आहे. तरी ज्याला आपल्या मुलाचें पत्र किंवा आपल्या खात्यांतील शिल्लक दुसऱ्याला न विचारतां कळते, त्याला तो गोडच वाटतो. परंतु अद्यापिही जुन्या फॉन्टमध्यें लिहिलेले किंवा नुसते छायाचित्र काढून ठेविलेले कागद संस्थांकडून पाठविले जातात. असा कागद वाचकाच्या दृष्टीनें कोरा असतो. शिवाय एखाद्या अपडेटनंतर आवाजाची निवड मूळ इंग्रजीवर गेली, तर इंग्रजी आवाज देवनागरी शब्द बहुधा गाळूनच पुढें सरकतो. ऐकणाऱ्याला वाटावें कीं पत्रांत कांहीं लिहिलेंच नाहीं!

आपल्या देशांत २०१६ च्या दिव्यांग व्यक्ति हक्क कायद्यानें माहिती व दळणवळण यांची सुगमता मान्य केली आहे. आणि ३० एप्रिल २०२५ रोजीं सर्वोच्च न्यायालयानें डिजिटल सेवांपर्यंत पोंचणें हें घटनेच्या २१ व्या कलमांतील जगण्याच्या हक्काचें अंग असल्याचा निर्वाळा दिला. हा निर्णय ज्या प्रकरणांत झाला त्यांतील गाऱ्हाणें बँकेंत व इतरत्र ओळख पटविण्याच्या नव्या पद्धतीविषयीं होतें : कॅमेऱ्यापुढें डोळे मिचकावा, असें यंत्र सांगे, अंधानें किंवा चेहरा भाजलेल्यानें तें कसें करावें? हक्क मान्य झाला म्हणजे दार आपोआप उघडतें असें नाहीं. परंतु दार बुजविणाऱ्याला जाब विचारण्याचा आधार त्यामुळें मिळतो.

आतां ज्या घरीं पडदा-वाचक वापरणारें कोणी आहे, त्या घरानें काय करावें तें सांगितलें पाहिजे. सुरक्षिततेच्या लहान दुरुस्त्या वेळच्या वेळीं घ्याव्या. व्यवस्थेचें रूपच पालटणारी मोठी आवृत्ति मात्र पहिल्याच दिवशीं घेऊं नये. महिनाभर थांबावें, अनुभवी अंध मित्रांकडे चौकशी करावी, आणि परीक्षेच्या किंवा महत्त्वाच्या कामाच्या आदल्या रात्रीं तर तिला हातही लावूं नये. प्रथम पडदा-वाचकाची नवी आवृत्ति घ्यावी, मग व्यवस्थेची. महत्त्वाच्या कागदांची प्रत अन्यत्र ठेवावी. विंडोजमध्यें मोठ्या अपडेटनंतर सामान्यतः १० दिवसांपर्यंत मागें फिरण्याची सोय असते, ती ध्यानांत असूं द्यावी.

सर्वांत महत्त्वाचें म्हणजे दुसरा वाचक तयार ठेवावा. विंडोजमध्यें कंट्रोल, विंडोज आणि एंटर या तीन कळा एकदम दाबल्या कीं नॅरेटर बोलूं लागतो. ॲपलच्या संगणकावर कमांड आणि एफ ५, तर लिनक्सच्या ग्नोममध्यें सुपर, आल्ट आणि एस, या कळांनीं वाचक जागा होतो. अँड्रॉइडच्या बहुतेक फोनांवर आवाजाचीं दोन्ही बटणें कांहीं क्षण दाबून धरलीं कीं टॉकबॅक सुरू करतां येतो. आयफोनवर ती योजना आधीं करून ठेविली असल्यास बाजूचें बटण तीनदां दाबावें. एनव्हीडीएची एक प्रत पेन-ड्राइव्हवर ठेवितां येते, तीही प्रसंगीं कामीं पडते. या कळा घरांतील डोळस माणसांनींही पाठ कराव्या. अग्निशामक दलाचा क्रमांक जसा पाठ असतो तशा.

आणि मदत करतांना एक पथ्य पाळावें. अंध माणसाच्या हातून यंत्र ओढून घेऊन 'थांब, मी करतो' असें म्हणूं नये. पडद्यावर काय लिहिलें आहे तें वाचून दाखवावें, निर्णय त्याचा त्याला घेऊं द्यावा. बिघाड सांपडला तर तो नुसता सोसूं नये. कोणती आवृत्ति, कोणती कळ दाबली, काय ऐकूं यावयास हवें होतें आणि प्रत्यक्षांत काय ऐकूं आलें, या चार गोष्टी लिहून कर्त्यांना कळवाव्या. अशी नेमकी तक्रार दहा संतप्त पत्रांपेक्षां अधिक काम करते.

वाड्याची दुरुस्ती थांबवितां येत नाहीं, आणि थांबवूंही नये. भिंती जुन्या होतात, पावसाळे येतात, चोरांचें भय वाढतें. परंतु शहाणा गवंडी काम हातीं घेण्यापूर्वीं घरांतील सर्वांना एकत्र बसवितो, कोणतें दार केव्हां बंद होणार हें सांगतो, आणि नव्या दारांतून सर्वांत आधीं त्या अंध माणसाला हात धरून एकदां नेऊन आणतो. त्याच्या पायांना नवी वाट कळली, म्हणजे मगच जुन्या दारापाशीं विटा रचूं लागतो.